मागील पानावरून पुढे

रोजकीर्द, खतावणी आणि ताळेबंद हे तीन शब्द बडोद्याकडच्या जुन्या मराठी घरांना समजावून सांगावे लागत नाहीत. १७३२ साली डाकोरला पिलाजीराव गायकवाडांची हत्या झाली आणि त्यांचे अंत्यसंस्कार आमच्या सावलीत झाले. त्यानंतर दोनशे वर्षांहून अधिक काळ या मुलखात मराठी माणूस तलवारीपेक्षा लेखणीवर अधिक जगला. कोणाचे पणजोबा फडात होते, कोणाचे महालाच्या कचेरीत. दिवसाचा जमाखर्च लिहून, शिल्लक मांडून, मगच दिवा मालवायचा, ही शिस्त त्यांनी घरातही आणली.

या लेखाचा विषय मात्र त्या कचेऱ्या नाहीत. आपल्या खिशातल्या मोबाईलमध्ये एक अदृश्य कारकून बसलेला आहे, त्याचा हा इतिहास आहे. तो काय लिहितो, काय पुसतो, वीज गेली तर कुठून पुन्हा सुरुवात करतो, हे सारे गेल्या चाळीस वर्षांत अमेरिका, स्वीडन, जपान आणि कोरिया येथे ठरत गेले. वाचकहो, ‘हे तर इंजिनिअरांचे काम’ म्हणून पान उलटू नका. मी स्वतः होमिओपॅथीचा डॉक्टर आहे. केसपेपर जपणे हे माझ्या धंद्याचे अर्धे अंग. त्या नात्याने या कारकुनाकडे पाहिले तेव्हा त्याची पद्धत आपल्या वाडवडिलांच्या पद्धतीच्या फार जवळची वाटली. शिवाय घरातले जुने कागद आता याच कारकुनाच्या हवाली होत आहेत. तेव्हा त्याची ओळख असलेली बरी.

सुरुवात चिपपासून करू. जपानच्या तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली एका नव्या जातीची स्मृती जगापुढे मांडली. वीज बंद झाली तरी तिच्यातले लिहिलेले टिकून राही, आणि पुसायचे तर मोठा भाग एका झटक्यात पुसला जाई. कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखा हा झटका पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याने तिला ‘फ्लॅश’ हे नाव सुचवले. १९८७ साली त्यांनी ‘नँड’ नावाचा तिचा दुसरा प्रकार मांडला. आजचे मोबाईल, पेन ड्राइव्ह, कॅमेऱ्याची कार्डे, सारे या नँडवर चालते. आपल्या गुजरातेत साणंदला २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मायक्रॉन कंपनीच्या ज्या कारखान्याचे भूमिपूजन झाले, तोही स्मृतीच्या चिपांची जोडणी आणि तपासणी करण्यासाठीच. त्यात नँडही आली.

या चिपचा स्वभाव समजायला शाळेतली पाटी डोळ्यांपुढे आणा. समजा, पाटीवर शंभर ओळी मावतात. ओळ ओळ लिहिता येते, ओळ ओळ वाचता येते. पण पुसायचे तर एक ओळ पुसता येत नाही. सबंध पाटीच पुसावी लागते. लिहिलेल्या ओळीवर गिरवून दुसरे लिहिता येत नाही. आणि प्रत्येक पुसण्याने पाटी थोडी झिजते. जुन्या, महागड्या जातीची पाटी साधारण १ लाख वेळा पुसून घेई. एकाच पेशीत तीन तीन बिट कोंबणाऱ्या आजच्या स्वस्त चिपमध्ये ही मर्यादा काही हजारांवर, कधी त्याहूनही खाली आली आहे.

आता अडचण पाहा. फोनमध्ये एखाद्याचा पत्ता बदलायचा आहे. जुनी ओळ खोडता येत नाही. सबंध पाटी पुसावी तर बाकीच्या नव्व्याण्णव ओळी जातात. मग करायचे काय?

उत्तर आपल्या रोजकीर्दीत आहे. रोजकीर्दीत मागचे पान कोणी खोडत नाही. काल सखारामपंतांना शंभर रुपये दिले आणि आज त्यांनी ते परत केले, तर कालची नोंद पुसत नाहीत. आज नवी नोंद करतात. कोणाकडे किती निघते, हे खतावणी सांगते. म्हणजे कीर्दीत नेहमी पुढे पुढे लिहायचे, आणि कोणती नोंद कुठे आहे हे खतावणीत ठेवायचे.

अमेरिकेत बर्कले येथे मेंडेल रोझेनब्लम आणि जॉन ऑस्टरहाउट या दोघांनी १९९१ साली हाच विचार संगणकाच्या भाषेत मांडला. त्यांच्यापुढे फ्लॅश नव्हती, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क होती. तबकडीवर इकडेतिकडे उड्या मारत लिहिण्यात वेळ जातो, म्हणून सगळे लिखाण एका ओळीत, सलग, पुढे पुढे करत जावे, असे त्यांनी सुचवले. फाइलच्या नव्या भागाची नोंद पुढे होते, खतावणी नव्या जागेकडे बोट दाखवते, जुनी ओळ जागच्या जागी मृत होते. तबकडीसाठी काढलेली ही युक्ती पुढे फ्लॅशला अंगच्या कपड्यासारखी बसली, कारण फ्लॅशला दुसरा मार्गच नव्हता.

पण नुसते पुढे लिहीत गेले की एक दिवस पाट्या संपतात. इथे त्या कारकुनाचे दुसरे काम सुरू होते. त्याला इंग्रजीत ‘गार्बेज कलेक्शन’, म्हणजे कचरा गोळा करणे, म्हणतात. नाव जरा फसवे आहे. हा कारकून कचरा उचलतच नाही. तो जिवंत ओळी उचलतो. शंभर ओळींच्या पाटीत वीस ओळी जिवंत असतील, तर त्या वीस तो कोऱ्या पाटीवर उतरवून घेतो, खतावणीत त्यांचा नवा पत्ता लिहितो आणि मग जुनी पाटी पुसतो. ऐंशी ओळींची जागा मिळाली. दिवाळीला चोपडे बदलताना दुकानदार हेच करतो. मिटलेली खाती जुन्या वहीत राहतात. ज्यांचे येणे-देणे बाकी आहे तेवढीच खाती ‘मागील पानावरून पुढे’ म्हणत नव्या वहीत येतात.

यात हिशेब आहे. ज्या पाटीत नव्वद ओळी जिवंत आहेत ती साफ करायची तर नव्वद ओळी उतरवून हाती फक्त दहा ओळींची जागा लागते. म्हणून आधी जास्तीत जास्त मेलेली पाटी घ्यावी, असे कोणालाही वाटेल. रोझेनब्लम आणि ऑस्टरहाउट यांनी मात्र वेगळे दाखवले. काही पाट्यांवर रोज बदलणाऱ्या नोंदी असतात, काहींवर वर्षानुवर्षे न हलणाऱ्या. चंचल पाटी थोडी थांबून घ्यावी, तिच्यातल्या ओळी आपोआप मरत जातात. तिला हात लावण्याची घाई म्हणजे फुकटची मेहनत. स्थिर पाटी मात्र बरीच भरलेली असली तरी साफ करणे परवडते, कारण तिथे मोकळी झालेली जागा टिकते. त्यांच्या प्रयोगात चंचल पाट्या सुमारे १५ टक्के जिवंत उरेपर्यंत थांबवल्या जात, तर स्थिर पाट्या सुमारे ७५ टक्के जिवंत असतानाच साफ होत. कोणत्या तापाला दोन दिवस थांबायचे आणि कोणत्या दुखण्याला लगेच हात घालायचा, हे ओळखण्यातच डॉक्टरचे निम्मे काम असते; तसेच हे.

आता तिसरे काम, आणि माझ्या मते सर्वांत शहाणपणाचे. ते समजण्यासाठी महाराष्ट्रातल्या एका शाळेत जाऊ. २००७ साली रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराट येथील छोट्या शाळेत मुलांच्या हाती हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप आले. ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ या जगभरच्या प्रकल्पाचा भारतातला तो पहिला प्रयोग. त्या लॅपटॉपमध्ये फिरती तबकडी नव्हती, १ जीबीची फ्लॅश होती. तिच्यावर ‘जेएफएफएस२’ नावाची लेखनपद्धत चाले. तिचा पहिला अवतार स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीत १९९९ च्या सुमारास तयार झाला आणि दुसरा २००१ साली रेड हॅट कंपनीतल्या डेव्हिड वुडहाउस यांनी घडवला. ही पद्धत फार इमानी होती. लिहिताना मध्येच वीज गेली तरी मागचे लिखाण बिघडत नसे. पाट्या सारख्या झिजाव्यात म्हणून ती अधूनमधून पूर्ण जिवंत पाटीही मुद्दाम हलवी, साधारण शंभरात एकदा. पण तिची खतावणी चिपवर लिहिलेली नसे. ती फक्त चालू स्मृतीत असे, आणि यंत्र बंद झाले की नाहीशी होई. म्हणून यंत्र सुरू करताना या कारकुनाला चिपवरची एक एक पाटी चाळून सारी खतावणी नव्याने मांडावी लागे. पुढे प्रत्येक पाटीच्या शेवटी छोटा गोषवारा लिहिण्याची सोय झाली, तेव्हा चाळणे थोडे हलके झाले. पण मूळ अडचण राहिली: साठवण जितकी मोठी तितका सुरुवातीचा वेळ जास्त.

ज्या पेढीत वर्षाचा ताळेबंद नाही तिथे एखाद्याची बाकी काढायची तर पहिल्या दिवसापासूनची कीर्द वाचावी लागेल. ताळेबंद असला की त्या तारखेपर्यंतचे सगळे पक्के धरायचे आणि फक्त त्यापुढची पाने वाचायची. संगणकात या ताळेबंदाला ‘चेकपॉइंट’ म्हणतात. या क्षणी खतावणी अशी आहे, कीर्द इथपर्यंत आली आहे, सर्व जुळते आहे, असा शिक्का. बर्कलेच्या पद्धतीत तो दर ३० सेकंदांनी मारला जाई. वीज गेली, फोन हातातून पडून बंद झाला, तरी पुन्हा सुरू होताना कारकून शेवटच्या शिक्क्यापाशी जातो, आणि त्यानंतरच्या नोंदी वाचून त्यातल्या पुऱ्या झालेल्या तेवढ्या जमेस धरतो.

आता एक प्रश्न आपणही विचाराल: शिक्का मारत असतानाच वीज गेली तर? म्हणून शिक्क्याच्या जागा दोन. एकदा पहिल्या जागी, पुढच्या वेळी दुसऱ्या जागी. नवा ताळेबंद लिहिताना जुन्याला हात लावायचा नाही. नवा अर्धवट राहिला तर जुना शाबूत आहे. थोडे मागे जावे लागेल, पण पाय टेकायला जमीन राहील.

पेशवाईतही दोन जागा होत्या, थोड्या वेगळ्या अर्थाने. फडणिसांच्या हाताखालचे ‘चालते दफ्तर’ रोजच्या कामाचे. ‘एकबेरीज दफ्तर’ पुण्यात स्थिर. चालत्या दफ्तरात रोजकीर्द भरत जाई. एकबेरजेत साऱ्या खात्यांचे कागद येत, त्यांची वर्गवारी होई आणि वर्षाचा जमा, खर्च व शिल्लक यांचा गोषवारा निघे. सवाई माधवरावांच्या काळात, नाना फडणिसांच्या नजरेखाली, या दफ्तरात दोनशेच्या आसपास कारकून होते असे इतिहासकार सांगतात. रोजचे चंचल लिखाण एकीकडे आणि वर्षाचे स्थिर दुसरीकडे, ही विभागणी त्यांनी केवळ अनुभवाने केली होती.

पुन्हा फोनकडे येऊ. २०१२ साली कोरियाच्या सॅमसंग कंपनीतले जेगुक किम आणि त्यांचे सहकारी यांनी ‘एफटूएफएस’ नावाची पद्धत जाहीर केली. २०१३ च्या फेब्रुवारीत ती लिनक्सच्या ३.८ आवृत्तीत आली. त्याच वर्षीच्या मोटो जी या फोनात ती होती. तो फोन २०१४ च्या सुरुवातीला भारतात आला आणि आपल्याकडच्या पुष्कळ घरांतून दिसू लागला. पुढे अँड्रॉइडच्या अनेक फोनांनी ही पद्धत घेतली. तिच्यात वर सांगितलेले सारे एकत्र आले आहे. एकाऐवजी सहा कीर्दी चालतात: चंचल, मध्यम आणि स्थिर, त्याही फाइलींच्या मजकुरासाठी वेगळ्या आणि पत्त्यांसाठी वेगळ्या. साफसफाईचे दोन प्रकार: फोन निवांत असताना सावकाश, विचारपूर्वक; आणि जागा संपत आली की घाईने, जी पाटी सर्वांत रिकामी ती आधी. चेकपॉइंटच्या जागा दोनच. एरवी काही निमित्त झाले नाही तरी दर मिनिटाला एक शिक्का. ताळेबंदाच्या पहिल्या आणि शेवटच्या पानावरचा क्रमांक जुळला तरच तो खरा धरायचा. शिवाय चिपच्या पोटातही एक लहान कारकून असतो, तो आपल्या पातळीवर पाट्यांची झीज सांभाळतो. म्हणजे वर एक फडणीस, खाली एक कारकून.

यावरून रोजच्या उपयोगाची एक गोष्ट सांगतो. फोन काठोकाठ भरला की मंद होतो, याचे एक मोठे कारण हेच. साफसफाईला कोरी पाटी लागते. कोरी पाटीच उरली नाही तर जिवंत ओळी उतरवायच्या कुठे? मग प्रत्येक नव्या नोंदीपूर्वी आधी जागा करावी लागते. एफटूएफएस तर अशा वेळी साफसफाईचा नाद सोडून जुन्या पाट्यांच्या मधल्या फटीत लिहू लागते, आणि कीर्दीची सलगता मोडते. तेव्हा फोनमध्ये थोडी जागा नेहमी रिकामी ठेवा. सुप्रभातचे संदेश एवढे जपण्यासारखे नसतात.

दुसरी गोष्ट थोडी गंभीर आहे. आपण फोटो ‘डिलीट’ करतो तेव्हा खतावणीतले बोट तेवढे काढले जाते. ओळ पाटीवर तशीच राहते, कारकून त्या पाटीपाशी येईपर्यंत. माझ्याकडे रुग्णांचे अहवाल येतात; हल्ली ते फोनवरच येतात. म्हणून फोन विकताना केवळ चित्रे पुसून भागत नाही. आजकालचे फोन मजकूर कुलपात ठेवतात आणि पूर्ण रिसेट केला की किल्लीच नष्ट करतात. ते अवश्य करावे.

आता या साऱ्याचा मूळ प्रश्न. जिवंत ओळ कोणती, हे तो कारकून ठरवतो कसे? ओळीतला मजकूर तो वाचत नाही. नातवाचा पहिला फोटो आणि विजेचे बिल त्याला सारखेच. खतावणीतले बोट तिच्याकडे दाखवते आहे की नाही, एवढेच तो पाहतो. बोट आहे तर ओळ जिवंत. नाही तर मृत, मग ती कितीही मोलाची असो.

आपल्या घरच्या कागदांचेही हेच झाले आहे. बडोद्याच्या किती मराठी घरांत पोटमाळ्यावर, ट्रंकेत, देवघराच्या खालच्या कप्प्यात मोडी कागद पडून आहेत. शाई शाबूत आहे. पण मोडी शाळेतून गेली, वाचणारी पिढी गेली, आणि ‘हा कागद अमक्या जमिनीचा, हे पत्र तमक्या लग्नाचे’ असे सांगणारे बोट राहिले नाही. मग घर बदलताना, फ्लॅटमध्ये जाताना, ती ट्रंक रद्दीत जाते. टाकणाऱ्याचा दोष थोडा. त्याच्या खतावणीत त्या कागदाचा पत्ताच नव्हता.

पुण्याच्या दफ्तरानेही हे पाहिले. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात त्याची आबाळ झाली. जुने जाणते कारकून दूर झाले आणि लोकांनी कागद उचलून नेले, असे इंग्रजांनी दफ्तर ताब्यात घेतल्यावरच्या अहवालांत नोंदले आहे. त्या दफ्तराला पुन्हा बोट मिळवून देणाऱ्यांत मोठा वाटा आपल्या बडोद्याच्या माणसाचा. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ ते १९२५ सयाजीराव महाराजांच्या सेवेत होते. निवृत्तीनंतर त्यांनी पेशवे दफ्तरातले हजारो रुमाल चाळवून निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात संपादित केले. जिवंत ओळी उचलून कोऱ्या पाटीवर उतरवण्याचेच ते काम. फरक एवढा की त्यांनी जुनी पाटी पुसली नाही. मूळ रुमाल पुण्यात आहेत. आज निर्जीव वाटणारा कागद उद्याच्या अभ्यासकाला जिवंत वाटू शकतो. यंत्राला ही मुभा नाही, आपल्याला आहे.

आम्हा जैनांकडे हेच काम धर्माच्या अंगाने झाले. बडोदे संस्थानातल्या पाटणच्या ज्ञानभांडारांत ताडपत्रे टिकली, कारण त्यांच्या नकला होत राहिल्या, ताडपत्रावरून ताडपत्रावर आणि पुढे कागदावर. कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीला, पोथ्या बाहेर काढून त्यांची धूळ झाडायची, कसर लागली का पाहायचे, ही रीत. सयाजीरावांनी चिमणलाल दलाल यांना पाटणच्या भांडारांची पाहणी करायला लावली. त्या ताडपत्रांची वर्णनात्मक सूची १९३७ साली गायकवाड प्राच्यमालेत निघाली. नक्कल म्हणजे साफसफाई, सूची म्हणजे खतावणी आणि पंचमी म्हणजे चेकपॉइंट, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आता कोणी म्हणेल, आम्ही सगळ्या कागदांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवले आहेत. चांगले केलेत. पण आठ हजार फोटोंत मिसळलेला, नाव नसलेला, तारीख नसलेला मोडी कागदाचा फोटो म्हणजे पोटमाळा बदलला एवढेच. फोन जुना होईल, नव्यात काय न्यायचे हे मुलगा किंवा सून ठरवेल, आणि तेही बोट पाहूनच ठरवतील.

म्हणून एक सुचवतो. ज्ञानपंचमी तीच गुजरातची लाभपाचम. त्या दिवशी इथली दुकाने नव्या वह्यांनी पुन्हा उघडतात. दिवाळीला मुलेबाळे घरी आलेली असतात. त्या दिवशी घरातल्या कागदांतले पाच काढा. मोडी जाणणाऱ्याकडून ते वाचून घ्या, प्रत्येकाखाली दोन ओळी लिहा: हा काय, कोणाचा, कधीचा. साध्या वहीत यादी करा आणि शेवटी तारीख घाला. त्या वहीच्या दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत. पुढच्या वर्षी जुनी यादी खोडू नका. तिच्याखाली पुढचे पाच कागद लिहा. ज्या कागदाचे काहीच कळले नाही त्याच्यासमोर ‘बाकी’ असे लिहून तो पुढे न्या. आपल्या घराण्यातल्या एखाद्या कारकुनाने त्याच्या फडात हेच केले असते.